उघड्या डोळ्यांनी

शनिवारी दिवेलागणीच्या सुमाराला शलोमीबाईंनी खुर्ची तापलेल्या भिंतीपासून लांब ओढली, पांढरी सुती साडी नेसली आणि आरशापुढे उभं राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. वाक्य लहानसंच होतं. ‘मला आता प्रार्थना करता येत नाही.’

शलोमी मकासरे आयुष्यभर दवाखान्यात चॅपलेन होत्या. म्हणजे आजाऱ्यांच्या उशाशी बसायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, गेलेल्यांच्या नातलगांना धीर द्यायचा. लग्न केलं नाही, कारण बदल्या फार आणि विचारणारे थोडे. अशा बाईनं हे वाक्य सांगायचं तरी कोणाला? वैजापूरच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांना सांगितलं तर त्यांचा उरलासुरला आधार जायचा. उरले सेमिनरीतले, चर्चचे पाळक घडवणाऱ्या शाळेतले, वर्गबंधू. वर्गातले आठ जण अजून हयात होते आणि वर्षातून एकदा पडद्यावर जमत होते. यंदाचा विषय होता ‘संकटकाळी विश्वास’. विषय ठरवणाऱ्याला संकटाची वाण नव्हती.

उन्हबंदीचं ते तिसरं वर्ष. होळी झाली की सकाळी भोंगा वाजायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. पत्र्याच्या छपराची देवळं तर सरकारनंच बंद केली होती. लग्नं रात्री, बाजार पहाटे, आणि मूठमाती द्यायला घरातली दोन-तीन माणसं, तीही भोंग्याच्या आत. दवाखान्यांत उष्माघाताचे वॉर्ड भरून वाहत होते, म्हणून निवृत्त झालेल्या शलोमीबाईंनाही पुन्हा बोलावून घेतलं होतं.

त्या वॉर्डातच त्यांच्या प्रार्थनेला तडा गेला. भाजी विकणारी भामाबाई नावाची म्हातारी खाटेवर होती. शलोमीबाईंनी तिचा हात धरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. प्रार्थना निम्मी झाली तेव्हा म्हातारी क्षीण आवाजात म्हणाली, “बाई, हेच तर तुम्ही आता पल्याडच्या खाटेवर म्हणले. माझं निराळं काही नाही का?”

संध्याकाळच्या आत भामाबाई गेली. तेव्हापासून तोंड उघडलं की तेच घडीव शब्द ओळीनं बाहेर यायचे आणि बाई तोंड मिटून घ्यायच्या. घरी एकटं असतानाही तेच. देवाशी बोलणं थांबलं तेव्हा घरात बोलायला दुसरं कोणीच नाही, हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं.

आता या पडद्यावरच्या भेटींबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उन्हानं टॉवर तापून बंद पडत, वीज वाटून दिली जाई, आणि नेटवर्क वैशाखातल्या नळासारखं करंगळीएवढ्या धारेनं येई. तेवढ्यात चेहऱ्यांची चित्रं पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून ‘अखंड’ नावाची सोय निघाली. तिच्यात चेहरा पाठवतच नसत. ओठ किती उघडले, भुवई किती चढली, शब्द कोणता, एवढ्याच खुणा जात, आणि पलीकडचं यंत्र साठवलेल्या जुन्या चित्रांवरून चेहरा पुन्हा उभा करी. खुणाही पोचल्या नाहीत तर? तर यंत्र अंदाज करी. ओळखीच्या माणसाचं वाक्य आपण त्याच्याआधी पुरं करतो ना, तसंच. यंत्रानं त्या माणसाचं बरंच बोलणं आधी ऐकलेलं असे, त्यामुळे पुढचा शब्द, पुढची मान डोलावणी, पुढचं हसू ते त्याच्या वतीनं करून टाकी आणि धागा जुळला की गुपचूप बाजूला होई. या मधल्या भागाला लोक ‘भराव’ म्हणत. भराव चालू असला की त्या चेहऱ्याभोवती बारीक पिवळी चौकट येई. फसवणूक नको म्हणून कायद्यानंच ती सक्ती केली होती.

भराव सगळ्यांचा सारखा जमत नसे. तऱ्हेवाईक माणसांचा चटकन उघडा पडे. लहान मुलांचा तर जमतच नसे. ज्याचं बोलणं जितकं ठरीव, तितका त्याचा भराव बेमालूम. वकील, पुढारी आणि पाळक यांचा भराव ओळखून दाखवावा, अशी पैज लोक लावत आणि हरत.

सभा सुरू झाली. आठ चौकोनांत आठ म्हातारे चेहरे आले. विल्सन पाटोळे हा वर्गाचा जन्माचा मॉनिटर. स्वतः निवृत्त होऊनही दुसऱ्या कोणाला निवृत्त होऊ देत नसे.

“जय ख्रिस्त, मंडळी. आवाज बंद ठेवा बरं का सगळ्यांनी. मागच्या वेळी आढावांच्या कुकरनं दोन साक्षी बुडवल्या.”

“कुकर माझा नव्हता, सुनेचा होता,” आढाव म्हणाले, आणि सगळे हसले.

भाषणं झाली. विश्वास म्हणजे नांगर, विश्वास म्हणजे खडक. शलोमीबाई ऐकत होत्या आणि रूबेनच्या चौकोनाकडे बघत होत्या. रूबेन लोंढे नेवाशाचा पाळक. सेमिनरीत जेवणाच्या बाकावर तो त्यांच्या डावीकडे बसायचा आणि शुक्रवारची सुकट स्वतःच्या ताटातून त्यांच्या ताटात सरकवायचा. त्याला सुकट आवडत नाही, असं त्यांना पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं. मग त्याच्या लग्नात मरियमनं, त्याच्या नवरीनं, हसत सांगितलं की हा माणूस सुकटीसाठी जीव टाकतो. आज तो वाळल्यासारखा दिसत होता. एकदाही बोलला नव्हता.

शेवटी साखळी प्रार्थना. हा त्यांच्या वर्गाचा जुना रिवाज. जेवणाच्या बाकावर ज्या ओळीनं बसायचे त्याच ओळीनं प्रार्थना करायची. प्रत्येकानं मनावरचं एक ओझं सांगायचं, मग पुढच्याचं नाव घेऊन त्याला देवाच्या हाती सोपवायचं. त्या काळी दिवे गेलेले असत, म्हणून आपलं संपलं की शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. खांद्यावर हात पडला की आपली पाळी. पडद्यावर हात कुठून येणार, तिथं ‘आमेन’ ऐकू आलं की पुढच्यानं सुरू करायचं. रूबेन शेवटून दुसरा, शलोमीबाई शेवटच्या.

आठही जणांनी डोळे मिटले. एकेक जण बोलत गेला. रूबेनची पाळी आली आणि त्याचा भरदार आवाज सुरू झाला, “हे पेरणाऱ्या प्रभू, तुझ्या हातातलं बी आम्ही...” चाळीस वर्षं तो हीच प्रार्थना करत होता. बी, माती, अंकुर, कापणी. मनावरचं ओझं म्हणून त्यानं नेवाशाच्या देवळाची गळकी पन्हळ सांगितली. मग “आमची भगिनी शलोमी” असं म्हणून त्यानं आमेन म्हटलं.

शलोमीबाईंनी श्वास घेतला. “प्रभू, यांच्यादेखत सांगते,” त्या म्हणाल्या. “मला आता प्रार्थना करता येत नाही. एका बाईला मी शेजारणीचीच प्रार्थना दिली, आणि तिनं ते ओळखलं. माझ्याकडे तिच्यासाठी एक शब्दसुद्धा नव्हता. मी एकटी पडले आहे. तुमच्यापैकी कोणी मला...”

वाक्य पुरं व्हायच्या आत सगळ्यांचं एकमुखानं ‘आमेन’ आलं.

त्यांनी डोळे उघडले. आढाव चष्मा पुसत होते. विल्सन भारावून म्हणाला, “ताई, तुमची प्रार्थना म्हणजे उन्हात ताकाचा पेला. असं बळ आम्हाला कधी यायचं?”

कोणाला काही वाटलंच नाही? की सगळ्यांनी मिळून ते झाकून टाकलं? बाईंनी रूबेनकडे बघितलं. तो त्यांच्याकडेच टक लावून बघत होता.

“छान झाली हं प्रार्थना, शलोमी,” तो कोरडेपणानं म्हणाला.

“तुझीही,” त्या तशाच म्हणाल्या. “नेहमीसारखी.”

रूबेननं एकदा मान हलवली आणि त्याचा चौकोन विझला.

पुढचे दिवस बाईंनी रागात काढले, आणि राग हीही एक सोबतच असते. कोणाचा फोन आला नाही. त्यांनीही केला नाही. दुपारी घर भट्टीसारखं तापायचं, तेव्हा त्या ओला पंचा डोक्यावर घेऊन न्हाणीघरातल्या फरशीवर बसून राहायच्या. तिथं बसल्या बसल्या कधीमधी त्यांचे डोळे सवयीनं मिटायचे, आणि मिटले की त्या दचकून उघडायच्या.

राग विरल्यावर मात्र घर नुसतंच रिकामं झालं.

मग एके दुपारी विल्सननं सभेचं रेकॉर्डिंग पाठवलं. बाईंनी ते लावलं ते केवळ स्वतःचं वाक्य ऐकायला. आपण ते खरंच म्हटलं की नाही, अशी त्यांना आता शंका यायला लागली होती. साखळी प्रार्थना सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्या उघड्या डोळ्यांनी लोकांना प्रार्थना करताना बघत होत्या.

पहिल्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट आली. मग दुसऱ्या. बघता बघता आठही चेहऱ्यांभोवती पिवळ्या चौकटी आल्या. रूबेन पिवळ्या चौकटीतून बी-बियाण्यांबद्दल बोलला. आणि शेवटी पांढऱ्या साडीतली शलोमी मकासरे मान लववून, ओघवत्या आवाजात, एकदाही न अडखळता प्रार्थना करू लागली. “हे दयासागर पित्या, तापलेल्या भूमीवर तू सावली होतोस...” भामाबाईच्या खाटेवरची प्रार्थना. पल्याडच्या खाटेवरचीही तीच.

बाईंनी पडदा बंद केला.

‘अखंड’च्या मदत क्रमांकावर बऱ्याच वेळानं एक तरुण मुलगी बोलली.

“मॅडम, तुम्ही बोलताना डोळे मिटले होते का?”

“प्रार्थनेत डोळे मिटतातच, बाळ.”

“मग बरोबर आहे. समोर माणूस आहे की नाही, हे सिस्टिम डोळ्यांवरून ओळखते. खोलीत आवाज काय, टीव्हीचाही असतो. जास्त वेळ डोळे मिटलेले राहिले की माणूस झोपला असं धरते आणि भराव देते. डोळे उघडेपर्यंत तो देतच राहते, नाहीतर एका तोंडातून दोन बोलणी यायची ना.”

“पण मी बोलत होते गं. मी जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होते.”

“चौकट येते ना, मॅडम. पिवळी. बाकीच्यांना दिसली असेल.”

“त्यांचेही डोळे मिटलेले होते,” बाई म्हणाल्या.

मुलीनं मग आपणहून एक गोष्ट सांगितली. भरावाच्या वेळचा खरा आवाज वाया जात नाही. तो ज्याच्या त्याच्या टॅबमध्येच पडून राहतो, दुसऱ्या कोणाला तो मिळत नाही, आणि महिना झाला की पुसला जातो. महिना भरायला आता फार दिवस नव्हते.

बाईंनी तो शोधून काढून ऐकला. घोगरा, तुटका, म्हाताऱ्या बाईचा आवाज. ‘मी एकटी पडले आहे. तुमच्यापैकी कोणी मला...’ आणि त्यावर दुरून आलेलं आमेन. त्यांना स्वतःचीच इतकी कीव आली की त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसताना त्यांच्या मनात आलं, माझं असं झालं, तर बाकीच्यांचं काय? त्या सात टॅबमध्ये काय पडलंय?

त्यांनी आधी विल्सनला फोन केला. सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा हसला.

“म्हणजे हजेरी आठ आणि हजर शून्य. माझ्या भरावानं प्रार्थना बरी केली असेल हो, माझी तर भरकटते.”

“विल्सन, तुझा खरा आवाज तुझ्या टॅबमध्ये आहे. एकदा ऐक.”

“कशाला? मी काय म्हणालो ते मला ठाऊक आहे.” त्याचा आवाज एकाएकी बदलला.

“मला ठाऊक नाही ना. मला सांगशील?”

“ताई, झालं ते बरं झालं,” विल्सन म्हणाला. “कोणी ऐकलं नाही तेच बरं. पुसून जाऊ दे.” आणि त्यानं फोन ठेवला. जन्मभर सगळ्यांची हजेरी घेणाऱ्या या माणसाचं ओझं कोणतं, हे बाईंना कधीच कळलं नाही.

मग त्यांनी रूबेनला फोन लावला.

“रूबेन, मी शलोमी.”

“बोला, बाई.”

साऱ्या आयुष्यात त्यानं त्यांना बाई म्हटलं नव्हतं. शलोमीबाई घाईघाईनं सांगायला लागल्या, डोळे, भराव, पिवळी चौकट. त्याला त्यातलं एक अक्षर पटलं नाही.

“यंत्रावर ढकलू नकोस, शलोमी. मी माझ्या कानांनी ऐकलं. मी बोलतोय आणि तू मध्येच तुझं दयासागर सुरू केलंस. मी थांबलो नव्हतो. आणि वर म्हणालीस, नेहमीसारखी.”

“थांब. फोन ठेवू नकोस. फक्त हे ऐक.”

त्यांनी टॅब फोनजवळ धरला आणि आपला तो घोगरा आवाज लावला. हे करताना त्यांना लाज वाटली, वॉर्डात उघडं पडल्यासारखी. आवाज संपला. साध्या फोनला भराव नसतो, तिथली शांतता ही माणसाचीच असते. त्या कान लावून थांबल्या. आता तो आमेन म्हणणार, असं त्यांना वाटलं. उभ्या आयुष्यात कोणाच्याही प्रार्थनेवर त्यांनी दुसरं काही ऐकलं नव्हतं.

“ऐकलं,” रूबेन म्हणाला.

त्या खाली बसल्या.

“आता तुझं सांग,” त्या म्हणाल्या.

“मरियम गेली,” तो म्हणाला. “सभेच्या आधी, त्याच महिन्यात. उन्हानंच. कोणाला कळवलं नाही, फोनवर सांगायला तोंडच उघडेना. म्हटलं, आपल्या बाकावर सांगेन. पहाटे मी आणि खड्डा खणणारा, दोघंच. दुसरा पाळक मिळेना, म्हणून दफनविधी मीच म्हणायला लागलो. किती जणांचा केला असेल तो विधी, झोपेतही म्हणेन. आणि माती टाकायच्या वेळेला पुढचे शब्दच आठवेनात. पुस्तक हातात होतं, पण अक्षर लागेना. भोंगा वाजला. त्या माणसानं माती ओढली आणि आम्ही निघालो. तिचा विधी अर्धाच राहिला, शलोमी. तेवढंच मागितलं मी तुमच्याकडे. म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही, तुमच्यापैकी कोणी पुरा करा. आणि सगळे म्हणालात, आमेन.”

बाईंना मरियमचं ते हसणं आठवलं, सुकटीची गोष्ट सांगतानाचं. त्या हुंदका देऊन रडल्या आणि त्यांनी तो लपवला नाही.

“आता म्हणशील?” रूबेननं विचारलं. “फोनवर?”

“मला येत नाही रे. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं. म्हणूनच तुला म्हणतोय.”

शलोमीबाईंनी खिडकीच्या फटीतून बाहेर बघितलं. रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. “फोनवर नाही,” त्या म्हणाल्या. “मी येते.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या नेवाशाला उतरल्या तेव्हा नुकतं उजाडत होतं. रूबेन स्टँडवर उभा होता, हातात पाण्याची बाटली घेऊन. दोघं दफनभूमीत गेले. मरियमच्या कबरीवर अजून दगड बसवला नव्हता. मातीला भेगा पडल्या होत्या.

रूबेननं सवयीनं डोळे मिटले.

“उघडे ठेव,” बाई म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले. मग त्यानं आपला हात उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला, बाकावर ठेवायचा तसा. शलोमीबाईंनी वाकून मूठभर माती घेतली. घडीव शब्द जिभेवर आले होते, ते त्यांनी गिळले. “मरियम,” त्या म्हणाल्या. “तू मला सुकटीची खरी गोष्ट सांगितलीस.” मग विधीतले माती टाकतानाचे शब्द, एकेक करून, पहिल्यांदाच वाचावेत तसे. मध्येच त्या अडल्या. पुढचा शब्द येईना. लांबून भोंग्याच्या आधीचा इशारा ऐकू आला.

मधली जागा कोणी भरून काढली नाही. रूबेन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थांबून राहिला.